बास म्हणजे बास

तात्यासाहेबांनी अन्न सोडलं ही बातमी गुरुवारी करमाडात पोचली, शुक्रवारी वेरूळला, आणि रविवारी सकाळी नऊपासून सिडकोतल्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. प्रत्येकाच्या हातात नारळ, कुणाकुणाच्या हातात हार. एका दूरच्या पाहुण्यानं तर उदबत्तीचा मोठा पुडा आणला होता, पण माणूस अजून जिवंत आहे एवढं भान ठेवून त्यानं तो पिशवीतून बाहेर काढला नाही. लोक आतल्या खोलीत जायचे, पलंगाच्या पायथ्याशी डोकं टेकवायचे आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणायचे, "असं मरण यायला भाग्य लागतं." मग हात धुऊन जेवायला बसायचे.

जेवायला पिठलं होतं, ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वरण, भात आणि शेंगदाण्याची चटणी. उपाशी माणसाच्या दर्शनाला आलेल्यांसाठी हा सगळा स्वयंपाक थोरल्या सुनेनं, आवडाबाईंनी, पहाटे पाचपासून ओट्यापुढं उभं राहून केला होता. भरल्या पोटानं ढेकर देत त्या खोलीच्या दाराकडं हात जोडणाऱ्या एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. राग येण्यासारखीच गोष्ट होती. पण त्या घरात रागवायचा अधिकार जन्मभर एकाच माणसाकडं होता, आणि तो जूनपासून पलंगावर पडून होता.

जूनमध्ये तात्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ब्याऐंशी वर्षांत जमवलेली सगळी भाषा एका रात्रीत पुसली गेली आणि एकच शब्द शिल्लक राहिला. बास.

नेमका तोच शब्द राहावा, हे त्या घराचं दुर्दैव. कारण त्या घरात त्याच्याइतका वजनदार दुसरा शब्द नव्हता. वाटणीच्या वेळी दोघं मुलगे एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा तात्या ओसरीवरून एकदाच "बास" म्हणाले होते आणि करमाडची जमीन तिथल्या तिथं वाटली गेली होती. धाकट्या आप्पासाहेबांच्या लग्नात व्याही मानापानावर अडून बसले, तेव्हाही तेच. जेवताना ताटावर हात आडवा धरून त्यांनी बास म्हटलं की वाढणाऱ्याचा हात हवेत थांबायचा. तात्यांचं बास म्हणजे बास, असं सुना-नातवंडांना पहिल्या दिवशीच सांगितलं जायचं.

आणि आता चार महिने दोन-तीन चमचे पोटात गेले की तात्या "बास" म्हणत होते, आणि शहाणी माणसं वाटी बाजूला घेत होती.

तात्यांची धाकटी बहीण चतुराबाई वेरूळहून येऊन महिना झाला होता. शहात्तर वर्षांची बाई, गळ्यात तुळशीची माळ, आवाज अजून खणखणीत. पलंगाजवळच्या खुर्चीत बसून सकाळपासून येईल त्याला त्या एकच गोष्ट सांगत होत्या.

"पोलीस ॲक्शनच्या साली मी आठ वर्षांची, भाऊ चौदाचा. सगळं गाव बाजरीत लपलेलं. दोन दिवस पोटात काय नाय. तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक भाकर आणून दिली. भावानं दोन घास खाल्ले, बास म्हणाला, आन् बाकीची समदी माझ्या हातावर ठिवली. चौदा वर्षांचं पोरगं. भूक त्यानं तवाच जिंकली होती. आता काय, आता तर त्याचं ठरलंय."

ठरलं काय होतं, तर दुपारी चारला आप्पासाहेबांनी आणलेल्या जीपमधून तात्यांना करमाडला न्यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ दिवसांत वजन सावरलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव निघताच चतुराबाईंनी हात वर केला. ज्यानं जन्मभर शब्द फिरवला नाही त्याच्या नाकातून अन्न कोंबायचं नाही. गावी न्यायचं, भजन लावायचं, आणि तोंडात फक्त तुळशीचं पाणी सोडायचं. आवडाबाईंचे यजमान, थोरले काकासाहेब, मान खाली घालून बरं म्हणाले. धाकट्यांनी गावी फोन केले. आवडाबाईंना कुणी विचारलं नाही.

*

आवडाबाईंना एक गोष्ट ठाऊक होती जी त्या चपलांच्या ढिगातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. जूनमध्ये तात्यांना कुशीवर वळवायला दोन गडी लागायचे. आता त्या एकट्या वळवत होत्या. रोज सकाळी चादर बदलताना त्यांच्या हाताला तात्यांच्या बरगड्या लागत आणि त्यांना स्वतःच्या हातांचा राग येई.

स्वयंपाक त्यांच्या हातचा होता, पण काय शिजवायचं ते त्यांच्या हातात नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक पथ्य ठेवून गेला होता. डाळ वातूळ, ती बंद. केळ्यानं कफ होतो, ते बंद. दही थंड, तूप जड, शेंगदाण्यानं पित्त. डॉक्टर म्हणाले होते मीठ कमी, त्याचं घरात मीठ नाही असं झालं. डॉक्टर म्हणाले होते हलकं जेवण, त्याचं पातळ झालं, आणि पातळाचं हळूहळू पाणी झालं. शेवटी तात्यांच्या वाटीत भाताची अळणी पेज आणि साबुदाण्याची पांढरी खीर एवढंच उरलं, आणि त्याला सगळे पथ्यपाणी म्हणत होते.

"भाभी, एक बात बोलू? गुस्सा नक्को होना."

गौहर मागच्या दारातून आत आली होती, हातात तात्यांची धुतलेली वाटी. रोशन गेटजवळ राहणारी ही पन्नाशीची बाई बारा दिवसांपूर्वी तात्यांच्या सेवेला लागली होती. वीस वर्षं ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरांत काम करत आली होती. पहिल्याच दिवशी तिनं पेज चमच्यात घेऊन वर उचलली होती आणि ती धार धरून खाली पडताना पाहून कपाळाला हात लावला होता. "ये तो पानी है. ह्यांच्या नरड्याला पाणी समजत नाय भाभी, सीधा छाती में जाता, म्हणून ठसका लागतो. चमच्यातून गोळा पडला पायजे. धार लागली तर नक्को देना." त्या दिवसापासून चतुराबाई आंघोळीला गेल्या की ती आणि आवडाबाई मिळून पेजेत मऊ भात घोटून घालत होत्या. पण आंघोळ अशी किती वेळ चालणार.

"बोल," आवडाबाई म्हणाल्या.

"बाबाचा बास, बास नाय."

"म्हंजी?"

"सुबे मी विचारली, बाबा, नाव काय तुमचं? बोले, बास. मी विचारली, उजेड झाला ना? बास. पाठ खाजवू? बास. खिडकी लावू? बास. उनके पास दुसरा लफ्जच नाय, भाभी." तिनं वाटी ओट्यावर ठेवली. "पहिले एका घरी बुढ्ढी अम्मा थी. झटका आया और सिर्फ 'परसों' बोलना रह गया. पानी पायजे, परसों. पोट दुखतं, परसों. घरवाले बिचारे परसोंतक रुकते थे."

आवडाबाईंच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

"और वो हात," गौहर म्हणाली. "डावा हात वाटीकडं येतो. तुम लोगां रोज ढकलते."

"ते झटकतात वाटीला. आत्याबाई म्हणतात, नको म्हणून झटकतात."

"झटकत नाय. पकडने जाते. मी बघितली ना, बोटं उघडी असतात. ज्याला नको असतं तो मूठ करतो, तोंड बंद करतो, भिंतीकडं फिरवतो. बाबाने कधी फिरवलं?"

आवडाबाईंनी आठवून पाहिलं. फिरवलं होतं. परवा कडू औषधाच्या वेळी, ओठ घट्ट मिटून. वाटीच्या वेळी कधीच नाही. वाटीच्या वेळी ते बास म्हणायचे आणि त्यांचा डावा हात चादरीतून बाहेर यायचा, आणि चतुराबाई तो धरून पुन्हा चादरीखाली खोचायच्या. डावा हात ताटाला लावतात का कुणी. गेला महिनाभर जेवणाच्या वेळी तो हात उशीखाली दाबूनच ठेवत होते.

"आमच्यातबी उलट्या हातानं खात नाय," गौहर हळू आवाजात म्हणाली. "पण सीधा हात अल्लानेच घेतला, तर माणसानं काय करायचं?"

आवडाबाईंना एकदम सासू आठवली. सारजाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा तात्यांना वाढायला आवडाबाई उभ्या राहिल्या, तात्या बास म्हणाले, आणि त्या घाबरून मागं सरल्या. तेव्हा सारजाबाईंनी दाराआडून त्यांचा पदर ओढला होता. "अगं थांबू नको. त्यांचं पहिलं बास लाजंचं असतं, दुसरं सवयीचं. तिसऱ्याला थांबायचं. माणसाच्या तोंडाकडं बघू नये वाढताना, ताटाकडं बघावं." हे सारजाबाई चाळीस वर्षं करत होत्या आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्याचा शब्द रोज दोनदा मोडून तिनं त्याला धडधाकट ठेवलं होतं. आणि आवडाबाईंनी, ज्यांना हे सांगितलं होतं त्यांनी, चार महिने पहिल्याच बासला वाटी उचलली होती.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. कुकर उघडला. मुगाचं घट्ट वरण घेतलं, त्यात मऊ भात कालवला, मीठ घातलं, वर साजूक तुपाचा चमचा सोडला, आणि मिक्सरमधून दोनदा फिरवलं. गौहरनं शेंगदाण्याचं कूट मैद्याच्या चाळणीतून चाळून त्यात घातलं. चमचा उचलून पाहिला. गोळा पडला.

"चला," आवडाबाई म्हणाल्या. "आधी आमच्या ह्यांच्याकडं जाऊ."

*

पलंगावर तात्या छताकडं बघत होते.

डोकं शाबूत होतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. बाहेर भाकरी थापल्याचा आवाज येत होता, चटणीचा वास येत होता, लोक भाग्याचं बोलत होते ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. ते मनात नीट वाक्य जुळवायचे. अजून दे. भूक लागली. तोंडापर्यंत ते वाक्य सरळ यायचं आणि दाताबाहेर पडताना त्याचं बास व्हायचं. ते ऐकून त्यांना स्वतःलाच धक्का बसायचा. मग ते पुन्हा म्हणायचे, जोरात, चिडून. आणि जितकं जोरात म्हणतील तितकी वाटी लांब जायची. जन्मभर ज्या शब्दानं त्यांनी माणसं गप्प केली, त्याच शब्दानं आता त्यांचं तोंड बांधलं होतं, आणि त्यांच्या पायांवर डोकी टेकवली जात होती. एखाद्याच्या पाठीत लाथ घालावी असं त्यांना फार वाटे, पण लोकांकडचा पाय उजवा होता आणि तो हलत नव्हता.

*

"फाईल कुठंय?" आवडाबाईंनी विचारलं.

काकासाहेब आप्पासाहेबांशी जीपमध्ये गादी कशी घालायची ते बोलत होते. "कसली फाईल?"

"दवाखान्यातून सोडताना दिलेली."

फाईल कपाटात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर तारीख घातलेली. काकासाहेबांची सगळी नोकरी कागद जपण्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. औषधांच्या पानावर त्यांनी लाल शाईनं वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्याच्या मागचं पान इंग्रजीत, बारीक अक्षरात होतं. ते त्यांनी उलटून पाहिलं नव्हतं.

"वाचा," आवडाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं, मराठीत."

काकासाहेबांनी चष्मा वर सरकवला. "ताठ बसवून भरवावे. हनुवटी खाली." ते थांबले. "अन्न दह्यासारखे घट्ट असावे. पातळ पदार्थ देऊ नयेत. डाळ, दूध, अंडी, तूप भरपूर." आवाज खाली आला. "रुग्णाच्या तोंडी हो-नाहीवर विसंबू नये. खुणा पाहाव्यात."

"विसंबू नये," आवडाबाई म्हणाल्या. "जूनपासून कपाटात हाय ते पान."

काकासाहेबांना राग आला, आणि तो कुणाचा हे कळायच्या आत तो बायकोवर निघाला. "मग तू काय करत होतीस? तू भरवत होतीस ना रोज?"

"मी भरवत होते. तुमी एकदा तरी चमचा धरला का?"

काकासाहेब पुन्हा पानात बघू लागले. खरं म्हणजे बापाचं वासलेलं तोंड बघायची त्यांना भीती वाटायची. ज्यांच्यापुढं आपण कधी मान वर केली नाही त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसायची त्यांना भीती वाटायची. तात्यांनी अन्न सोडलं असं आत्या म्हणाली तेव्हा त्यांना आतून सुटल्यासारखं झालं होतं. निर्णय तात्यांचा होता. नळीबद्दल काही ठरवायचं राहिलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपण भित्रे होतो हे एका कागदानं सांगावं, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

आप्पासाहेब मात्र कावले. "वहिनी, आता हे काय काढलं? गावात समद्यांना सांगून ठेवलंय. भजनी मंडळ यिऊन बसलंय. मी काय सांगू त्यांना, तात्याला भूक लागली म्हणून?"

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "तेच सांगा."

*

चतुराबाई खुर्चीत होत्या. भावानं अन्न सोडल्यापासून त्याही एकच वेळ खात होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. दाराशी पाचसहा पाहुणे अदबीनं उभे होते. गौहर आत येऊन पलंगाचं डोकं वर करू लागली, तात्यांच्या पाठीला उशा लावू लागली, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"काय चाललंय?"

"जेवण, आत्याबाई," आवडाबाई म्हणाल्या.

"सोडलंय त्यानं."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. तुज्या समोर म्हणाला, शंभर वेळा म्हणाला. बास म्हणाला."

"आणि दुसरं काय म्हणाले चार महिन्यांत?"

चतुराबाईंनी भावाच्या तोंडाकडं पाहिलं.

"पाणी म्हणाले? दुखतंय म्हणाले? तुमाला एकदा तरी चतुरे अशी हाक मारली?" आवडाबाईंचा आवाज चढला होता. एकतीस वर्षांत त्या घरात तो इतका कधीच चढला नव्हता. "एकच शब्द ऱ्हायलाय त्यांच्याजवळ. त्याच्यातच ते सगळं सांगू राहिले, आन् आपण शहाण्यासारखी वाटी उचलू राहिलो. बाहेर तीस माणसं जेवून गेली माझ्या हातचं. ह्यांना मी पाणी पाजलं. नारळ आणलेत लोकांनी. कशाला आणलेत ते नारळ? खोबरं किसून घातलं असतं तरी अंगाला लागलं असतं."

दाराशी उभ्या असलेल्या एका पाहुण्यानं हातातला नारळ हळूच पाठीमागं घेतला.

"तू मला शिकवू नको, आवडे," चतुराबाई म्हणाल्या. "माज्या भावाला मी वळखते."

"मग इचारा त्यांना काहीबी."

चतुराबाई उठल्या. पलंगाच्या काठावर बसल्या, भावाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "भाऊ, गावाला जायचं ना आपल्याला?"

"बास."

चतुराबाईंनी विजयानं मागं पाहिलं.

"आता नाय जायचं का, असं इचारा," काकासाहेब दारातून म्हणाले. त्यांच्या हातात ते पान होतं.

"नाय जायचं का?"

"बास."

चतुराबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी तो आवाज खणखणीत नव्हता, "भाऊ, मी कोण हाय?"

तात्यांचे डोळे भरून आले. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले. बहिणीचं नाव घ्यायची त्यांची धडपड सगळ्यांना दिसत होती. "बास," ते म्हणाले. "बास, बास."

गौहरनं चादर बाजूला केली आणि वाटी त्यांच्या डाव्या बाजूला, छातीशी धरली. डावा हात लगेच वर आला. बोटं उघडी, सरळ वाटीकडं. आणि चतुराबाईंनी, एवढं सगळं होऊनही, मनात काही नसताना, निव्वळ सत्तर वर्षांच्या सवयीनं तो हात धरून खाली दाबला.

आवडाबाईंनी त्यांचं मनगट पकडलं.

सुनेनं आत्याबाईचा हात धरावा, तोही पाहुण्यांसमोर, असं त्या घराण्यात घडलं नव्हतं. आप्पासाहेब एक पाऊल पुढं आले. काकासाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"सोडा तो हात," आवडाबाई म्हणाल्या. "देवानं ठिवलेला तेवढाच हाय."

चतुराबाईंनी बोटं सैल केली.

गौहरनं जाड दांड्याचा चमचा तात्यांच्या मुठीत दिला. पहिला घास हनुवटीवर गेला. दुसरा अर्धा आत गेला. "ठोड्डी नीचे, बाबा," ती म्हणत होती. "हां. आता गिळा. घाई नक्को. मी कुठं जात नाय, वाटी बी जात नाय." प्रत्येक घासानंतर ती नरड्याकडं बघत होती, लुळ्या गालात अन्न अडकलं का ते बोटानं चाचपत होती, मगच दुसरा चमचा भरू देत होती. ठसका लागला नाही. तूप ओठांवर चमकत होतं. चौथ्या घासाला तात्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि ते खातच राहिले.

काकासाहेबांनी खिशातला रुमाल काढला. जरा वेळ तो हातात धरून उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी बापाची हनुवटी पुसली.

नऊ घास झाले, दहा झाले. चमचा वाटीच्या तळाला घासल्याचा आवाज आला.

"बास," तात्या म्हणाले.

आणि सगळे थांबले. काकासाहेबांचा रुमाल हवेत राहिला, आप्पासाहेबांचे हात आपोआप पाठीमागं गेले, आवडाबाईंचा वाटीकडं निघालेला हात तिथंच थबकला. सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा. गौहरनं एकेकाकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

चतुराबाई भावाच्या हाताकडं बघत होत्या. बोटं रिकाम्या वाटीच्या काठावर होती आणि काठ सोडत नव्हती. त्या पलंगाच्या काठावरून खाली उतरल्या, फरशीवर बसल्या, तोंड भावाच्या तोंडाशी येईल अशा.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तवा बाजरीत तू बास म्हणलास आन् भाकर मला दिलीस. तुला भूक लागली होती का रं?"

तात्यांनी बहिणीकडं पाहिलं. या वेळी ते चिडले नाहीत, घाईही केली नाही.

"बास," ते म्हणाले.

चतुराबाईंनी मान हलवली. मग त्या वळल्या, आणि इतक्या मोठ्यानं बोलल्या की बाहेर जीपजवळ उभ्या असलेल्या ड्रायव्हरलाही ऐकू गेलं.

"बघत काय उभी ऱ्हायलीस, आवडे. वाढ की."